आधी प्रश्न द्या, मग व्हिडिओ

गेल्या जुलैत एका महाविद्यालयाच्या बैठकीला पाहुणा म्हणून बसलो होतो. विषयपत्रिकेवर चौथा विषय होता: 'विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय वापराचे ऑनलाइन ट्यूटोरियल तयार करणे'. आधीचे तीन विषय दहा मिनिटांत आटोपले आणि या चौथ्यावर पाऊण तास जुंपली. एका बाजूला संगणकशास्त्राचे तरुण सर. त्यांची योजना तयार होती: आठ व्हिडिओ, प्रत्येकाखाली पाच बहुपर्यायी प्रश्न, शेवटी नाव छापलेलं प्रमाणपत्र, आणि हे सगळं नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फायलीतही लावता येईल. दुसऱ्या बाजूला इतिहासाच्या मॅडम. कपाटासमोर उभं राहिल्याशिवाय संशोधन शिकता येतं का? मोबाइल आधीच पोरांच्या हातातून सुटत नाही, आता ग्रंथालयही त्यातच कोंबायचं? ग्रंथपाल दोघांकडे आळीपाळीने बघत गप्प बसले होते. (ज्याच्या कामाची चर्चा चालली आहे त्याला सगळ्यात शेवटी विचारायचं, ही आपल्या संस्थांची जुनी रीत.)

माझं मत आधीच सांगून टाकतो. ट्यूटोरियल करावं, मराठीत करावं आणि लवकर करावं. पण पडदा की कपाट, हा वादच मला चुकीचा वाटतो. खरा मुद्दा असा की आपल्या पदवीच्या तीन-चार वर्षांत विद्यार्थ्याला काही शोधून काढावं लागतं का? पंचवीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस म्हणून कबुली देतो, बहुतेक वेळा लागत नाही. वर्गातल्या नोट्स, अपेक्षित प्रश्नसंच आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या झेरॉक्स एवढ्यावर पदवी मिळते. ज्याला काही शोधायचंच नाही त्याला शोधायचं कसं हे व्हिडिओतून सांगितलं काय किंवा हाताला धरून ग्रंथालयात नेऊन सांगितलं काय, सारखंच.

शोधणं म्हणजे नेमकं काय, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, माण तालुक्यातली एक मुलगी टी.वाय.ला आहे. तिची आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, मजुरीबरोबर सुकडी मिळायची, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. तिला त्यावर प्रोजेक्ट करायचा आहे. ती इंटरनेटवर 'दुष्काळ १९७२' टाकते. दिवाळी अंकातल्या आठवणी मिळतात, वर्तमानपत्रांचे वर्धापनदिनाचे लेख मिळतात, सरकारी कागद मात्र मिळत नाहीत. मग ती इंग्रजीत 'फॅमिन' टाकते, तरी फारसं हाती लागत नाही. का? कारण १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने खास कायदा करून राज्याच्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञाच काढून टाकली. शासन परिस्थितीवर सतत लक्ष ठेवून असतं, वेळेवर मदत करतं, तेव्हा आता फॅमिनला वावच उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका. त्यानंतर नऊच वर्षांनी बहात्तर आलं. लोकांच्या तोंडी तो दुष्काळच राहिला, पण कागदावर ती होती 'स्कॅर्सिटी', टंचाई. पुढे तर 'टंचाईसदृश परिस्थिती' असा सोवळ्यातला शब्दप्रयोग रूढ झाला. म्हणजे या मुलीने 'टंचाई' शोधायला हवं. पिकांची स्थिती हवी असेल तर 'आणेवारी', नंतरच्या काळासाठी 'पैसेवारी'. कामांचा इतिहास हवा असेल तर 'रोजगार हमी', ज्याचा कायदा १९७७ साली झाला. मागे जाऊन १८७६-७७च्या दुष्काळाशी तुलना करायची असेल तर पुन्हा 'फॅमिन', कारण इंग्रज सरकारला तो शब्द वापरायला संकोच नव्हता. कॅम्पबेलच्या १८८५ सालच्या सातारा गॅझेटियरमध्ये तो उघडपणे येतो.

आता सांगा, यातलं काय बटण कुठे दाबायचं या प्रकारचं आहे? शब्द कुणी बदलला, का बदलला, कुठल्या कार्यालयात कुठला शब्द चालतो, हे कळणं म्हणजेच शोध. तिला शब्द सापडला त्या क्षणी तिच्या प्रोजेक्टचं निम्मं प्रकरण लिहून झालं. सरकारने दुष्काळ कोशातून हद्दपार केला आणि आजी खडी फोडत राहिली, हे वाक्य तिला कुठल्याही गाइडमध्ये मिळालं नसतं. शोधण्याचं कौशल्य आणि विषयाचं ज्ञान यांची अशी फारकत करता येत नाही. मॅडमचं बरोबर आहे ते इथे. पण त्या म्हणतात त्या कारणासाठी नव्हे.

ट्यूटोरियलच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं सगळ्यात वजनदार कारण बैठकीत कुणी मांडलंच नाही. ते म्हणजे भीड. आमच्या बहुतेक महाविद्यालयांत अजून मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक काढून बघण्याची सोय, नाही. चिठ्ठीवर नाव लिहायचं, काउंटरवर द्यायची, आतून 'शिल्लक नाही' असा आवाज येतो, परत जायचं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेला मुलगा तिथे उभा राहून 'मला काय हवंय तेच मला नीट माहीत नाही' असं म्हणणार आहे का? मागे रांग असते, समोरचे काका घड्याळाकडे बघत असतात. हाच मुलगा रात्री अकरा वाजता खोलीवर पडल्या पडल्या पाच मिनिटांचा व्हिडिओ तीनदा मागे-पुढे करून बघेल. त्याला कुणी हसत नाही. शंभर वर्षांपूर्वी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी हे ओळखलं होतं. शिक्षण सक्तीचं केल्यावर लिहायला-वाचायला आलेली माणसं ते विसरू नयेत म्हणून त्यांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत होत्याच, पण बडोद्याच्या ग्रंथालय खात्यात चित्रं आणि चित्रपट दाखवणारी स्वतंत्र शाखाही होती. पडद्यावर दाखवून ग्रंथालयाकडे ओढायचं ही कल्पना अजिबात नवी नाही, आणि तिला नाकं मुरडणाऱ्यांनी बडोद्याचा हिशेब एकदा पाहावा.

दुसरं कारण संख्येचं. हजारो विद्यार्थी आणि एक ग्रंथपाल, तोही ग्रंथालयाची पदं रिकामी असल्यामुळे इन-आउट रजिस्टर सांभाळण्यापासून नॅकचे तक्ते भरण्यापर्यंत सगळं करणारा. तो प्रत्येकाला जवळ बसवून शिकवणार कसा? आणि शिकवण्यासारखं आता पुष्कळ आहे. एन-लिस्ट या महाविद्यालयांना ऑनलाइन नियतकालिकं पुरवणाऱ्या योजनेतून साध्या तालुक्याच्या महाविद्यालयालाही सहा हजारांहून अधिक नियतकालिकं उघडता येतात. शोधगंगेवर देशभरातले प्रबंध आहेत. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने जुनी दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करून खुली ठेवली आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला, म्हणजे सगळ्यांची वर्गणी सरकारनेच एकत्र भरण्याच्या योजनेला, मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, तीही केंद्र-राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांमधल्या सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधकांसाठी. एवढं धान्य कोठारात आणून ठेवलं आणि दार कुठल्या बाजूला आहे हे सांगायला माणूस नाही! माझ्या वर्गातल्या साठ मुलांना एकदा विचारलं होतं, एन-लिस्टचं लॉगिन कुणाकडे आहे? चार हात वर आले. त्यातल्या दोघांचा पासवर्ड हरवला होता.

तेव्हा ट्यूटोरियल नकोच म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण करा म्हणणाऱ्यांनी, आधी ज्यांनी केली त्यांचं काय झालं हे पाहायला नको का? अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनच्या ग्रंथालयाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस 'टिल्ट' नावाचं ट्यूटोरियल केलं. त्याचे तीन भाग होते: माहितीचा स्रोत निवडणं, शोधणं, पारखणं. मांडणी खेळकर होती, प्रश्नोत्तरं होती, आणि मुख्य म्हणजे इतरांनी घेऊन बदलावं म्हणून ते खुलं ठेवलं होतं. कितीतरी महाविद्यालयांनी ते घेतलं. त्याच काळात, २००० साली, तिथल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेने विद्यार्थ्याला काय काय यायला हवं याची मापं ठरवून दिली. कल्पना अशी की माहिती-साक्षरता म्हणजे मोजता येतील अशा कौशल्यांची यादी. एकेक खूण करत गेलं की विद्यार्थी तयार. सोळा वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच संघटनेने ती मापं रद्द केली आणि त्यांच्या जागी सहा संकल्पनांची चौकट आणली. त्यातली एक म्हणजे संशोधन हे प्रश्नातून प्रश्न काढत जाणं आहे. ज्यांच्याकडे पैसा, माणसं, यंत्रं सगळं होतं, त्यांनाही यादी पुरली नाही. आपण मात्र २०२५ मध्ये आठ व्हिडिओ आणि चाळीस बहुपर्यायी प्रश्नांची यादीच करायला निघालो आहोत.

यादी का पुरत नाही, हे स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात फार छान दिसतं. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली पंचेचाळीस जणांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. त्यात दहा इतिहासाचे पीएचडी होते, पंचवीस स्टॅनफर्डचेच पदवीचे विद्यार्थी, आणि दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस. त्यांच्यापुढे बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना होत्या, नावं जवळजवळ सारखी. एक जुनी, मोठी, मान्यताप्राप्त. दुसरी तिच्यातून फुटून निघालेला एका मताचा छोटा गट. विद्यार्थी आणि प्राध्यापक पान वरपासून खालपर्यंत नीट वाचत बसले. बोधचिन्ह, मांडणी, संदर्भांची यादी, सगळं तपासलं, आणि बरेच जण फसले. तपासनिसांनी पान जेमतेम पाहिलं, लगेच शेजारी दुसरी खिडकी उघडली आणि या संघटनेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधलं. थोड्या वेळात त्यांना पत्ता लागला. याला आडवं वाचन म्हणावं. गावाकडच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. सोयरीक जुळवताना मुलाची चौकशी कुणी मुलाच्या बापाकडे करत नाही, शेजारच्या गल्लीत करतो.

आपल्याकडे या सवयीची निकड फार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नियतकालिकांची मान्य यादी काढली आणि मे २०१८ मध्ये स्वतःच त्यातली ४,३०५ नावं वगळली. पुढच्या वर्षी 'केअर' नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्याचं ठरलं. यादी करणाऱ्या आयोगाचीच ही गत, तर एस.वाय.च्या पोराने कुणाच्या भरवशावर बसायचं? आता पारखणं ज्याचं त्याच्यावर आलं आहे, आणि ते आपण शिकवतो कधी? पीएचडीला. २०१९ पासून संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम तिथे सक्तीचा आहे. बारावीनंतर चार-पाच वर्षं नक्कल करून झाल्यावर नीती शिकवायची, हा क्रम कुणाला सुचला असेल?

आता एक नवा पक्ष पुढे आला आहे. तो म्हणतो, ट्यूटोरियलही नको आणि कपाटही नको, चॅटजीपीटीला विचारलं की झालं. हा पक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'दुष्काळाला सरकारी कागदांत काय काय म्हणतात' असं विचारलं तर ही यंत्रं आज ठीक उत्तर देऊ शकतात, आणि माणच्या त्या मुलीला पहिली पायरी म्हणून त्याचा उपयोग होईल. तिने जरूर विचारावं. पण २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात काय घडलं? विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलाने चॅटजीपीटीने दिलेले जुने निवाडे दाखल केले. ते खटले कधी झालेच नव्हते. त्याच्यासह दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड झाला. मला त्या प्रकरणात दंडापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. वकिलाने तपासलं नव्हतं असं नाही. हे निवाडे खरे आहेत का, असं त्याने विचारलं होतं, पण विचारलं ते पुन्हा त्याच यंत्राला! म्हणजे मुलाची चौकशी मुलाच्या बापाकडे. शिवाय यंत्राला माहीत असतं ते डिजिटल झालेलंच. माणच्या पंचायत समितीतलं बहात्तर सालचं हजेरीपत्रक त्याच्या पोटात असण्याची शक्यता मला तरी दिसत नाही.

यातूनच भाषेचा मुद्दा निघतो, ज्यावर बैठकीत कुणी चकार शब्द काढला नाही, कारण व्हिडिओ इंग्रजीतच असणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बडोद्याच्या खात्याचं 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक १९१२ मध्ये निघालं तेव्हा ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघत होतं. शतकानंतर आपण एका भाषेवर आलो, याला प्रगती म्हणायचं? आणि हा नुसता अस्मितेचा प्रश्न नाही. मराठीत शोधण्याच्या अडचणीच निराळ्या आहेत, त्या परदेशी ट्यूटोरियलचं भाषांतर करून कळणार नाहीत. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले. त्याआधीच्या छपाईत 'गांव', 'नांव', 'पांच' आहे. 'गाव' शोधणाऱ्याला 'गांव' सापडत नाही. युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखी कळणारी देवनागरी येण्याआधीच्या, फाँटमध्ये टंकलेला प्रबंध डोळ्यांना मराठी दिसतो, पण त्यातला शब्द शोधपेटीत टाकून पाहा, संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते. प्रबंधाचं शीर्षक कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये. पाच मिनिटांचा एक व्हिडिओ एवढ्यावरच झाला तरी शेकडो मुलांचे तास वाचतील. आणि आपल्याकडे शोधाची परंपरा नव्हती असंही नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची सूची सिद्ध केली, संगणक सोडाच, झेरॉक्सही नसताना. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या किती जणांनी ती उघडून पाहिली आहे? मी मराठीच्या एका प्राध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले, "सिलॅबसला नाही."

सिलॅबसला नाही! सगळं घोडं इथेच पेंड खातं. नव्या शैक्षणिक धोरणाने प्रोजेक्टला श्रेयांक दिले, चौथ्या वर्षाला संशोधनाची वाट ठेवली. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात काय होतं ते महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा. गेल्या वर्षीचे प्रोजेक्ट त्याच्या संगणकात असतात. पहिलं पान बदलायचं, ऋणनिर्देशात गुरुजींचं नाव बदलायचं, स्पायरल बाइंडिंग करायचं. मी स्वतः अशा प्रोजेक्टांवर सह्या केल्या आहेत. एका वर्षी तर मुखपृष्ठावर सोलापूर आणि आतल्या तक्त्यात जळगाव होतं, केळीचं क्षेत्र! मी ते पाहिलं, हसलो, आणि तरी पन्नासपैकी अडतीस गुण दिले. तेव्हा मुलांना नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. त्यांनी हुशारीने ओळखलं होतं की आम्ही शोध मागतच नाही, चाळीस पानं मागतो.

म्हणून माझं म्हणणं असं की चाळीस पानं मागणं बंद करावं. सहा पानं मागावीत आणि सोबत शोधाची वही. कुठले शब्द टाकून पाहिले, कुठे पाहिले, काय सापडलं, काय टाकून दिलं आणि का, कुठे अडलं. निम्मे गुण वहीला. प्रश्न मात्र विद्यार्थ्याच्या गावचा, घरचा, बाजाराचा हवा, म्हणजे गेल्या वर्षीचा उपयोगी पडत नाही. अशी वही लिहायला बसलेल्या मुलीला तिसऱ्या दिवशी 'दुष्काळ'मध्ये काहीच सापडत नाही तेव्हा तिला 'शब्द बदलून पाहा' हा व्हिडिओ पाठवा. बघेल की नाही? जुलैत ओरिएंटेशनच्या दिवशी सभागृहात दाखवलेला तोच व्हिडिओ तिने पाहिला असता आणि चहाच्या वेळेपर्यंत विसरली असती.

यावर शिक्षकांचा आक्षेप येणार आणि तो खरा आहे: ऐंशी वह्या तपासायच्या कधी? तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहायक प्राध्यापकाला हे सांगायची मला लाजही वाटते. पण ऐंशी गुणिले चाळीस पानं आज तपासली जात नाहीत, फक्त उलटली जातात. सहा पानं आणि वहीची चार पानं खरोखर वाचायला त्याहून फार वेळ लागणार नाही, आणि वहीत खोटं लिहिणं अवघड असतं, कारण अडल्याची नोंद उसनी आणता येत नाही. दुसरा आक्षेप ग्रंथपालांचा: हे काम पुन्हा आमच्याच गळ्यात. म्हणून तर ट्यूटोरियल. लॉगिन कसं करायचं, शोधगंगेत विद्यापीठ कसं निवडायचं, संदर्भ कसा लिहायचा हे दर वर्षी तीनशे वेळा सांगण्याचं काम पडद्याने करावं. पडदे बदलले की व्हिडिओ शिळा होतो, म्हणून असे व्हिडिओ छोटे आणि स्वस्त असावेत, मोबाइलवर केलेले चालतील, दर वर्षी निम्मे फेकून देता आले पाहिजेत. त्यातून वाचलेला वेळ ग्रंथपालाने टेबलाशी बसून त्या मुलीला 'अगं, पैसेवारी शोधून बघ' असं सांगण्यात घालवावा. १९२४ साली गणित शिकवणं सोडून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेल्या रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे त्यातलं चौथं, आणि ट्यूटोरियलवाले तेच सांगत असतात. पण संदर्भसेवा म्हणजे ग्रंथपालाने वाचकाला जातीने केलेली मदत, असंही त्यांनीच बजावलं होतं. ते कुणी सांगत नाही.

बैठकीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. उपसमिती नेमायचं ठरलं. मग कुणाला तरी आठवलं आणि ग्रंथपालांना विचारलं गेलं, तुमचं काय मत? ते म्हणाले, "व्हिडिओ करतो की. फक्त मला कुठल्या तरी एका वर्गाचा या वर्षीचा एक प्रोजेक्ट आधी द्या. त्याला काय शोधावं लागतं ते बघून करतो." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग संगणकशास्त्राच्या सरांनी विचारलं, "गेल्या वर्षीचा चालेल का?"